‘आमचं बाळ तर रात्रभर झोपतं’ या वाक्यास खुले पत्र

‘आमचं बाळ तर रात्रभर झोपतं’ यास,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची पद्धत आहे. तुला तो लिहिणार नाही. तू आमच्या घरी पाहुणं म्हणून कधी आलंच नाहीस. आलंस ते दर वेळी चौकशीला आल्यासारखं, आणि प्रत्येक चौकशीत गुन्हेगार मीच ठरले. माझा मुलगा आता साडेतीन वर्षांचा आहे. रात्री झोपतो. म्हणजे तुझं-माझं भांडण खरं तर मिटायला हवं होतं. पण दोन महिन्यांपूर्वी माझ्या मामेबहिणीला मुलगी झाली आणि तू तिच्याही उंबऱ्यापाशी पोचल्याचं मला कळलं. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. तू नेहमी गोड बोलून कानात शिरतंस. मला तुझ्याशी मोठ्याने बोलायचं आहे.

आपली पहिली भेट मला लख्ख आठवते. मुलाला नऊ महिने पुरे झाले होते, गोवराची लस द्यायला दवाखान्यात नेलं होतं. बाहेरच्या बाकड्यावर शेजारी एक बाई बसल्या होत्या, मांडीवर साधारण तेवढीच मुलगी. माझ्या डोळ्यांखाली काय दिसलं कोण जाणे, त्यांनी विचारलं, “झोपतो का हो रात्रीचा?” मी म्हटलं, “नाही हो, चार-पाचदा तरी उठतो.” आणि तू त्यांच्या तोंडून बाहेर पडलंस. “अगंबाई! आमची तर रात्रभर झोपते. साडेनऊला आडवी केली की सकाळी सहालाच.”

त्या बाईंवर माझा राग नाही. आपल्या लेकीचं कौतुक कोणाला नसतं? पण त्यांच्या बोलण्याच्या मागोमाग तू जे बोललंस ते फक्त मला ऐकू आलं. तू म्हणालंस, ‘हिला जमतं. तुला जमत नाही.’

त्या रात्री मी एक वही काढली. किराण्याच्या हिशेबाची होती, ती मागच्या पानापासून उलटी सुरू केली. तीन रकाने आखले: कधी उठला, कशाने झोपला, का उठला असेल. पहिल्या रात्रीच्या वेळा मला अजून पाठ आहेत. १२.४०, २.०५, ३.३०, ४.५०. कारणांच्या रकान्यात सुरुवातीला मी मन लावून लिहीत होते. ‘दात येतायत?’ ‘पोटात वायू?’ ‘पंखा जोरात होता.’ ‘दुपारी उशिरापर्यंत झोपला.’ ‘मी संध्याकाळी वांगं खाल्लं.’ मग एकेक कारण कमी होत गेलं. पंखा हळू केला, वांगं बंद केलं, दुपारची झोप मोजून दिली, तरी वेळा त्याच. अकराव्या रात्री ४.५०च्या पुढे कारणाच्या रकान्यात मी एकच अक्षर लिहिलं. ‘मी.’

तुझ्यावरचं माझं मुख्य आरोपपत्र या एका अक्षराचं आहे. झोप माझ्या मुलाने मोडली, आणि तो नऊ महिन्यांचा होता, त्याला तो हक्क होता. पण त्या मोडलेल्या झोपेचा अर्थ लावायला तू बसलंस. तुझ्या लेखी रात्र ही परीक्षा, बाळ हा पेपर आणि सकाळी हातात पडणारा निकाल आईच्या नावावरचा. बापाच्या नावावर तो तू क्वचितच लावतंस, हेही इथेच लिहून ठेवते.

आणि तुझा हात रात्रीपुरता राहिला नाही. दिवसाही तू माझ्या मागे होतंस. आंघोळीचं पाणी कोमट आहे का हे मी कोपराने एकदा बघायची, मग पुन्हा, मग सासूबाईंना हाक मारायची. अंग गरम लागलं तर ताप आहे हे माझ्या तळहाताला कळत होतं. पण तळहातावरचा भरवसाच उडाला होता, म्हणून तासात चार वेळा थर्मामीटर लावायची. तो रडला की त्याला भूक आहे की कंटाळा, हे मला आधी आवाजावरून ओळखता यायचं. ते कान गेले. दुसरं कोणी उचलल्यावर तो शांत झाला की सुटल्यासारखं वाटायच्या ऐवजी मला अपमान वाटायला लागला. नवरा एकदा सहज म्हणाला, “दे, मी थोपटतो,” तर मी त्याच्यावर ओरडले. त्याच्या जागी मला तू दिसलं होतंस.

मानसशास्त्रात या भरवशाला नाव आहे: पालक म्हणून असलेला आत्मविश्वास, ‘मला हे जमेल’ हा आतला विश्वास. डग्लस टेटी आणि डोना गेल्फंड या दोन अमेरिकी संशोधकांनी १९९१ साली वर्षाच्या आतल्या बाळांच्या आयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आईची उदासी, बाळ किती अवघड वाटतं, नवऱ्याचा आणि घरच्यांचा आधार किती, या सगळ्यांचा परिणाम ती बाळाला कशी हाताळते यावर होतो खरा. पण तो बराचसा या विश्वासाच्या वाटेने होतो, असं त्यांना दिसलं. हा विश्वास म्हणजे दिव्यापर्यंत जाणारी तार. तू नेमकी तीच तार कापतंस. थकलेली बाई दुसऱ्या दिवशी एक डुलकी काढून सावरते. ‘मला जमत नाही’ असं ठरवून बसलेली बाई दहा तास झोपूनही सावरत नाही.

आता तुझा जन्मदाखला काढू. ‘रात्रभर’ म्हणजे किती, हे तुला कोणी विचारत नाही, मी विचारते. १९५७ साली लंडनच्या मूर आणि अको या दोन संशोधकांनी १६० बाळांच्या रात्री तपासल्या. त्यांनी ‘स्थिरावलेलं बाळ’ याची जी व्याख्या केली, ती होती रात्री १२ ते पहाटे ५ या वेळात न उठणारं बाळ. पाच तास! दहाला झोपून साडेअकराला उठलं आणि पुन्हा साडेपाचला उठलं, तरी ते बाळ त्या हिशेबात पास. तीन महिन्यांची होईपर्यंत त्यांतली ७० टक्के बाळं या मापात बसली. १० टक्के वर्ष पुरं होईपर्यंत बसलीच नाहीत. आणि जी एकदा बसली त्यांतलीही बरीच पुढे पुन्हा उठू लागली. मूळचा हिशेब एवढाच होता. तू त्यातले ‘पाच तास’ गाळलेस, ‘पुन्हा उठू लागली’ गाळलंस आणि साडेनऊ ते सहाची बढाई करून गावभर हिंडलंस.

कॅनडातल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६ महिन्यांच्या ३८८ बाळांपैकी ३८ टक्के बाळं सलग ६ तासही झोपत नव्हती. ८ तासांची अट लावली तर अशी बाळं ५७ टक्के. वर्षाच्या बाळांतसुद्धा २८ टक्के बाळांची सलग ६ तासांची झोप होत नव्हती. आणि जी झोपत होती ती हुशार निघाली, न झोपणारी मागे पडली, असंही काही आढळलं नाही. बुद्धीच्या आणि हालचालींच्या वाढीत दोघांत फरक नव्हता. आईच्या मनःस्थितीचाही सलग झोपेशी संबंध दिसला नाही. हे शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. मला मोडलं ते फक्त जागरणाने नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कोणीतरी लिहून दिलं होतं.

बाळाची झोप अशी तुकड्यातुकड्यांची का असते हे समजून घ्यायची तुला कधी गरज वाटली नाही. नवजात बाळाचं झोपेचं एक आवर्तन साधारण तासाभराचं, मोठ्या माणसाचं दीड तासाच्या आसपास. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी आपणही कूस बदलतो, चादर ओढतो, सकाळी काही आठवत नाही. बाळ तिथे अनेकदा पूर्ण जागं होतं आणि आपलं माणूस जवळ आहे का हे विचारतं. दिवस-रात्रीचं आतलं घड्याळ तर जन्मानंतर काही महिन्यांनी लागायला लागतं. पोट एवढंसं, वाढ भराभर. पहाटे साडेतीनला माझा मुलगा माझी परीक्षा घेत नव्हता. तो फक्त विचारत होता, “आहेस ना?” आणि मी दर वेळी उठत होते. माझ्या वहीत या उत्तराला रकाना नव्हता.

तू माझ्या आईच्या तोंडूनही बोललंस, ते मला सगळ्यात जास्त लागलं. मुलगा वर्षाचा होत आला होता, मी फोनवर रडले, तर आई म्हणाली, “काय बाई हा! तू तर रात्रभर झोपायचीस.” मी गप्प. आई खोटं बोलत नाही. मग ती दिवाळीला आमच्याकडे आली, बाबाही आले, जेवताना पुन्हा तू निघालंस. बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले, “कोण झोपायचं? ही? अगं, निगडीला दोन खोल्या होत्या आपल्याला. मी दुसऱ्या पाळीहून बारा-साडेबाराला यायचो, ही टक्क जागी. तू म्हणायचीस, घ्या आता तुमची लेक. गॅलरीत फेऱ्या मारून मारून समोरच्या घरातल्या म्हाताऱ्याशी माझी ओळख झाली, तो पण झोपायचा नाही.” आई बाबांकडे बघत राहिली. तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मग हळूच म्हणाली, “तुम्ही असायचात ना तेव्हा. म्हणून नसेल आठवत.”

ज्या रात्री वाटून घेतल्या जातात त्या विसरल्या जातात. तू बहुतेक अशाच विसरलेल्या रात्रींवर पोसलेलं आहेस.

पण बाबांच्या फेऱ्या म्हणजे जुनं सगळं सोन्याचं होतं, असंही नाही. बाळ गप्प हवं, ही गरज तुझ्यापेक्षाही जुनी आहे आणि ती बाळाची कधीच नव्हती. शंभर वर्षांपूर्वी लालबाग-परळच्या गिरणगावात ‘बाळागोळी’ विकत मिळायची. तीत अफू असे. पहाटे भोंगा झाला की बाई कामावर जायची, बाळ चाळीच्या खोलीत एखाद्या म्हातारीच्या हवाली. ते दिवसभर रडलं तर म्हातारी सांभाळणार नाही आणि रात्रभर जागलं तर बाई दुसऱ्या दिवशी यंत्रापुढे उभी राहणार नाही, म्हणून गोळी. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला गिरणीकामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करणाऱ्या एका महिला डॉक्टरने सरकारला कळवलं होतं की या बायकांची बहुतेक बाळं अफू देऊन झोपवली जातात. त्या बायका वाईट आया नव्हत्या. त्यांना उचलायला दुसरे हात नव्हते, एवढाच त्यांचा अपराध. ती चाळीतली बाळं रात्रभर झोपली असतील. वाक्या, त्या झोपेचीही बढाई मारशील?

आमच्याकडे गोळी नव्हती, पण एक लांबची काकू बाळगुटी उगाळताना म्हणाल्याच, “जायफळाचे दोन वेढे जास्त दे गं, पडून राहील.” जायफळ जास्त झालं तर विषबाधा होते. मी सहाण उचलून आत ठेवली. त्या दिवशी मला माझ्या ‘नाही’चा अभिमान वाटायला हवा होता. वाटली ती शरम, कारण तू तिथेच बसलेलं होतंस: ‘काकूंची चारही झोपायची.’

गिरणीकामगार बायकांच्या त्या पाहणीनंतर काही वर्षांनी, १९२९ साली, मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या पगारी मदतीचा कायदा झाला, देशातला पहिला. आज २०१७च्या दुरुस्तीनंतर रजा २६ आठवड्यांची आहे. २६ आठवडे म्हणजे सहा महिने. म्हणजे कॅनडातली ती ३८ टक्के बाळं ज्या वयात सलग सहा तास झोपत नव्हती, नेमक्या त्या वयात आमच्याकडची नोकरदार आई पुन्हा सकाळची ८.१४ची लोकल पकडते. आणि ही रजाही ज्यांना मिळते त्यांची गोष्ट. घरकाम करणारी, शेतावर जाणारी, टपरी चालवणारी बाई या हिशेबातच नाही. खासगी नोकरीतल्या बापाला तर कायद्याने एक दिवसही रजा नाही. केंद्र सरकारी नोकराला १५ दिवस. जर्मनीत हजारो आईबापांची वर्षानुवर्षं माहिती ठेवली गेली, तिच्यावरून २०१९ साली असं दिसलं की पहिल्या तीन महिन्यांत आईची झोप रोज साधारण तासाने कमी होते आणि बापाची पंधरा मिनिटांनी. ही पंचेचाळीस मिनिटांची तफावत बाळाने केलेली नाही. मला आत्मविश्वास कुठे गेला विचारशील तर तो बराचसा या पंचेचाळीस मिनिटांत सांडला आहे.

अलीकडे तू फोनमध्ये राहायला गेलं आहेस. बाळाला संध्याकाळी सातला अंधाऱ्या खोलीत एकटं ठेवा, तीन रात्रींत शिकेल, असं एक हसरा चेहरा सांगतो. पुढच्याच व्हिडिओत दुसरा सांगतो की बाळाला क्षणभर रडू दिलंत तर जन्माचं नुकसान. मी दोन्ही बघत बसायची, पहाटे चारला, बाळाला पाजत. डोंबिवलीत ज्या घरात बाप पावणेदहाला स्टेशनवर उतरतो आणि खोली एकच आहे, तिथे सातची अंधारी खोली आणायची कुठून? १७ देश-प्रदेशांतल्या तीन वर्षांपर्यंतच्या २९ हजारांहून जास्त मुलांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली, त्यात भारतातली मुलंही होती. न्यूझीलंडमधली मुलं सरासरी साडेसातच्या सुमारास झोपत होती, हाँगकाँगमधली सव्वादहाला. न्यूझीलंडमध्ये आईबापांच्या अंथरुणात झोपणारी मुलं शंभरात सहा, व्हिएतनाममध्ये त्र्याऐंशी. इतकी घरं, इतक्या रीती, आणि तू सगळ्यांच्या भिंतीवर एकच घड्याळ ठोकतंस! बाळाला झोपेची सवय लावण्याच्या पद्धतींबद्दल ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने मुलं सहा वर्षांची होईपर्यंत पाठपुरावा केला. २०१२चा त्यांचा निष्कर्ष असा की या पद्धती शिकवलेल्या कुटुंबांत आणि इतरांत पुढे फरक उरला नाही, तोटा नाही आणि दूरगामी फायदाही नाही. ज्या आईला त्यातून चार तास मिळतात तिने ते घ्यावेत. जिला बाळाला कुशीत घेऊनच झोपवायचं आहे तिने तसं करावं, फक्त जागा सुरक्षित असावी: बाळ उताणं, अंथरूण घट्ट, तोंडाशी उशी-गोधडी नाही. मूल नीट वाढेल.

खरं दुखणं वेगळं असतं, ते मात्र तुझ्या गदारोळात राहून जातं. मूल रोज घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, लोह कमी असल्याने रात्रभर पाय आपटत असेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. आणि आईला बाळ झोपल्यावरही झोप येत नसेल, दिवसचे दिवस रडू थांबत नसेल, ‘मी नसलेलीच बरी’ असं मनात येत असेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या नंबरावर रात्रीही उचलली जाते. मला हे कोणी सांगितलं नाही. सगळ्यांनी मला फक्त तुलाच ऐकवलं.

माझी वही पुढे कशी संपली हेही तुला कळू दे. सत्तेचाळिसाव्या रात्री नवऱ्याने ती उचलली, शेवटचा रकाना वाचला, काही बोलला नाही. दुसऱ्या रात्री २.०५च्या पुढे त्याचं अक्षर होतं: ‘मी उठलो. खांद्यावर घेतलं. वीस मिनिटं. कारण माहीत नाही.’ त्याच्या खाली पुन्हा, ३.४०: ‘कारण माहीत नाही.’ ते मला इतकं खरं वाटलं की मी पुढे रकानाच आखला नाही. मुलगा त्यानंतरही वर्षभर उठत होता. पण आंघोळीचं पाणी मी पुन्हा एकदाच बघायला लागले.

परवा रात्री मामेबहिणीचा फोन आला. घड्याळात पावणेतीन. तिच्या मांडीवर मुलगी कुरकुरत होती, ही दबक्या आवाजात बोलत होती, घरचे उठू नयेत म्हणून. सांगत होती, बारशाला आलेल्या एकीने तुला पुढे केलं, आत्याने दुजोरा दिला. मग म्हणाली, “ताई, खरं सांग. तुझा झोपायचा?”

मी म्हटलं, “नाही गं. दोन वर्षं नाही.”

तिकडून बराच वेळ शब्द आला नाही. नाक ओढल्याचा आवाज आला, मग बाळ चोखायला लागल्याचा. मी फोन ठेवला नाही. पलीकडे पाळण्याची कडी कुरकुरली, कोणीतरी उठून दिवा लावला असावा, आणि तिच्या सासऱ्यांचा झोपाळू आवाज ऐकू आला, “आण बेटा, मी घेतो जरा.”